आधी दोर, मग शीड

(द्वितीय वर्ष कला)

“उन्हाळ्यात आपल्याकडे प्यायच्या पाण्याला टँकर लागतो, आणि ही निघाली समुद्रावर शीड फिरवायला!”

वर्गातल्या एका मित्राने हा शेरा मारला आणि सारा वर्ग हसला. खोटे कशाला बोलू, मीही हसले. प्रसंग साधा होता. यंदाची सहल कोठे न्यावी, असे भूगोलाच्या सरांनी विचारले होते. नेहमीची नावे फळ्यावर लिहून झाली. किल्ले झाले, लेणी झाली, देवस्थाने झाली. मी मागच्या बाकावरून हळूच म्हटले, “सर, गोवा. विंडसर्फिंग शिकायला.” त्यावर हा हशा. सरांनी हात वर करून वर्ग शांत केला आणि मला एवढेच म्हणाले, “हसण्यावारी नेऊ नका. तू आराखडा लिहून आण. कोठे, केव्हा, काय घेऊन, आणि काही बिनसले तर काय. मग बोलू.”

तो आराखडा करताना मला जे सुचले, ते या अंकातून माझ्या विद्यार्थी मित्र-मैत्रिणींपुढे आणि गुरुजनांपुढे मांडावे, असे वाटते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. तेव्हा लिहिण्यात काही कमीजास्त झाले तर वाचकांनी सांभाळून घ्यावे.

प्रथम हा खेळ काय आहे ते सांगते. एक रुंद, हलकी, पाण्यावर तरंगणारी फळी. तिच्या मधोमध एक उभी काठी म्हणजे डोलकाठी, आणि त्या काठीला शीड. साध्या शिडाच्या होडीत डोलकाठी घट्ट रोवलेली असते. इथे ती एका लवचिक सांध्यावर बसवलेली असते, त्यामुळे ती चोहोबाजूंनी झुकते. शिडाच्या दोन्ही अंगांना वळसा घालून एक आडवी दांडी असते. तिला बूम म्हणतात. खेळाडू फळीवर उभा राहून ही दांडी धरतो आणि वारा अंगावर तोलतो. सुकाणू नाही. शीड पुढे झुकवले की फळी वाऱ्यापासून दूर वळते, मागे झुकवले की वाऱ्याकडे वळते. थेट वाऱ्याच्या तोंडावर मात्र कोणालाच जाता येत नाही. तिकडे जायचे तर वाऱ्याला तिरके राहून नागमोडी जावे लागते. मला या खेळाचे वेड लागले ते याच गोष्टीने. वारा उलटा असला तरी घरी परतता येते, फक्त सरळ रेषेत येता येत नाही.

वर्गातल्या हशामागे जो विचार होता, त्याचा समाचार आधी घेते. तो विचार असा की, हे शौक समुद्राकाठच्या आणि पैसेवाल्या लोकांचे. आपण कांदा पिकवणारी माणसे. आपण कबड्डी खेळावी, फार तर क्रिकेट.

या खेळाचा इतिहास चाळला तर निराळेच दिसते. १९६४ साली अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात न्यूमन डार्बी या गृहस्थाने फळीवर शीड लावून पाहिले. पुढे कॅलिफोर्नियात हॉइल श्वाइत्झर आणि जिम ड्रेक यांनी लवचिक सांध्याची फळी तयार करून तिचे पेटंट घेतले. ते पेटंट इंग्लंडमध्ये न्यायालयापुढे आले आणि १९८५ साली तिथल्या अपील न्यायालयाने ते रद्द ठरवले. कारण काय, तर १९५८ साली हेलिंग बेटाच्या किनाऱ्यावर पीटर चिल्व्हर्स नावाच्या बारा वर्षांच्या मुलाने घरच्या घरी अशीच फळी बनवून पाण्यावर चालवली होती, हे सिद्ध झाले. एका पोराचे खटपटीने जोडलेले खेळणे एवढ्या मोठ्या कंपनीला भारी पडले! १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकपासून हा खेळ ऑलिंपिकमध्ये आहे. पण त्याचे मूळ दुकानात नाही, खटपटीत आहे, ही गोष्ट मला फार धीर देऊन गेली.

आता समुद्राची गोष्ट. आपल्या शेजारच्या चांदवड तालुक्यातले तळेगाव रोही हे गाव आपणांपैकी बहुतेकांना माहीत आहे. ते काही बंदर नव्हे. त्या गावचे दत्तू भोकनळ २०१२ साली सैन्यात गेले, तिथे वल्हे हाती घेतले आणि २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये एकट्याच्या नौकानयनात तेरावे आले. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत चौघांच्या संघातून त्यांनी सुवर्णपदक मिळवले. ज्या मातीत विहीर खणताना माणसाचा घाम निघतो, तिथला हा खेळाडू. दुसरे उदाहरण मध्य प्रदेशाचे. देवास जिल्ह्यातल्या शेतकऱ्याची मुलगी नेहा ठाकूर भोपाळच्या राष्ट्रीय सेलिंग स्कूलमध्ये मोठ्या तलावावर शिडाची होडी चालवायला शिकली आणि २०२३ च्या सप्टेंबरात चीनमधील हांगचौच्या आशियाई स्पर्धेत तिने रौप्यपदक जिंकले. त्याच स्पर्धेत इबाद अली याने विंडसर्फिंगमध्ये कांस्यपदक मिळवले. भोपाळपासून समुद्र किती लांब आहे ते नकाशात पाहावे. तेव्हा “आपल्याकडे समुद्र नाही” हे कारण खरे नाही. अडते ते निराळ्याच ठिकाणी.

ते ठिकाण माझ्या आईने दाखवले.

सरांनी आराखडा मागितला त्या संध्याकाळी मी घरी विषय काढला. आई कांदे निवडत होती. तिने सगळे ऐकून घेतले, हातातला कांदा खाली ठेवला आणि विचारले, “आणि बुडालीस तर काढील कोण?”

हा प्रश्न तिने उगीच विचारला नव्हता. मी सातवीत असताना माझ्या वर्गातला एक मुलगा शेततळ्यात बुडून गेला. सुटीचा दिवस होता. पाय धुवायला म्हणून उतरला आणि घसरला. आपल्याकडची शेततळी कशी असतात ते सांगायला नकोच. चारी बाजूंनी उतार आणि उतारावर प्लास्टिकचा कागद. पाणी लागले, शेवाळ धरले की तो कागद तेल लावल्यासारखा होतो. हाताला धरायला काही नाही, पायाला टेकू नाही. त्याच्याबरोबरचा मुलगा काठावर उभा राहून ओरडत होता. त्यालाही पोहता येत नव्हते, आणि तिथे दोर नव्हता. एक साधा दोर नव्हता. माणसे धावत आली तोवर उशीर झाला होता. दुसऱ्या दिवशी शाळेत त्याच्या बाकावर कोणी बसले नाही. त्या दिवसापासून आईने मला पाण्याच्या जवळ जाऊ दिले नाही. आमच्या आळीतल्या सगळ्याच आयांनी तसेच केले.

म्हणून आईचा प्रश्न मी आराखड्याच्या पहिल्या पानावर लिहिला. पुढे जे जे ठरवले ते त्या प्रश्नाच्या आधाराने ठरवले. आई चौथीपर्यंत शिकलेली आहे. पण मी जमवलेल्या सगळ्या माहितीत तिच्या प्रश्नाइतका नेमका प्रश्न मला सापडला नाही.

आता आराखडा.

पहिला प्रश्न जागेचा. नाशिकजवळ गंगापूर धरण आहे, आपल्या अंगणात चणकापूर आहे, गिरणा धरण आहे. पाणी आहे, पण धरण म्हणजे मोकळे मैदान नव्हे. ते पिण्याचे आणि शेतीचे पाणी. तिथे परवानगी लागते. शिवाय पाणी ओसरते तसा काठाशी गाळ लागतो, बुडालेली झाडे आणि दगड वर येतात. शिकवणारा आणि वाचवणारा माणूस नसलेल्या पाण्यावर नवशिक्याने जाणे म्हणजे पुन्हा शेततळ्याचीच गोष्ट. म्हणून मी गोवा निवडला. पणजीजवळ केंद्र सरकारच्या पर्यटन मंत्रालयाची राष्ट्रीय जलक्रीडा संस्था आहे. किनाऱ्यावरचे जीवरक्षक आणि बोटी चालवणारे यांना तिथे प्रशिक्षण मिळते. तिच्या नव्या संकुलाचे उद्घाटन ६ फेब्रुवारी २०२४ रोजी झाले. सहल ठरवताना आधी तिथे पत्र घालावे आणि नवशिक्यांसाठी कोणता वर्ग केव्हा आहे ते विचारून मगच तिकिटे काढावीत. खाजगी शिक्षक घ्यायचा झाल्यास त्याला तीन गोष्टी विचाराव्यात. तुमचे प्रमाणपत्र कोणते? एका शिक्षकामागे किती मुले? आणि पाण्यात तयार उभी असलेली बचावाची बोट कोठे आहे? तिसऱ्या प्रश्नाला जो हसेल, त्याच्याकडे फळी घेऊ नये. जाण्याची सोय अवघड नाही. नाशिकरोडला मिळणारी मंगला एक्सप्रेस कोकण रेल्वेने थेट मडगावला जाते.

दुसरा प्रश्न काळाचा. पावसाळ्यात पश्चिम किनाऱ्याचा समुद्र खवळलेला असतो. जून-जुलैत तर मासेमारीलाही बंदी असते. तेव्हा तो काळ बाद. दिवाळीनंतर ते उन्हाळ्याच्या सुरुवातीपर्यंत हवा चांगली. यातही दिवसाची वेळ पाहावी लागते, आणि इथे आपला भूगोल कामाला येतो. रात्री जमीन लवकर निवते, म्हणून पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. दुपारी जमीन तापली की तो उलटतो आणि समुद्राकडून किनाऱ्याकडे येतो. परीक्षेत आपण हे खारे वारे आणि मतलई वारे म्हणून पाठ करतो आणि पाच गुण मिळवतो. पाण्यावर मात्र या पाच गुणांवर जीव अवलंबून असतो. पहाटेचा मतलई वारा अंगाला गोड लागतो, पाणीही सपाट दिसते. पण तो नवशिक्याला नकळत आत घेऊन जातो, आणि परत यायचे तर त्याच्या तोंडावर यावे लागते, जे त्याला अजून येत नसते. जमिनीकडून पाण्याकडे वारा असेल तर नवशिक्याने पाण्यात पाऊल टाकू नये, हा या खेळाचा पहिला नियम आहे.

हा नियम मी आजोबांना सांगितला तेव्हा ते हसले. त्यांच्या तरुणपणी खळ्यावर तिवईवर उभे राहून सुपाने धान्य उपणत. उपणण्याआधी ते मूठभर माती हातातून सोडून बघत. वारा कोठून आहे, किती आहे, टिकणार आहे की पडणार आहे, हे त्या मातीवरून कळे. “वारं बघितल्याबिगर सूप उचलायचं नसतं,” ते म्हणाले. “नाहीतर दाणं तिकडं अन् भुसा डोळ्यात.” आता मळणी यंत्र आले आणि ही विद्या आपल्या पिढीला उरली नाही. पण बोफर्ट नावाच्या ब्रिटिश नौदलातल्या अधिकाऱ्याने १८०५ साली वाऱ्याच्या पायऱ्या ठरवल्या, त्यात आजोबांच्या मातीसारखीच खूण आहे. झाडाची पाने सतत हलू लागली आणि हलका झेंडा पसरला की तिसरी पायरी, म्हणजे ताशी सुमारे १२ ते १९ किलोमीटर. नवशिक्याने याच्या वर जाऊ नये. जमिनीवरची धूळ आणि कागदाचे कपटे उडू लागले, समुद्रावर जागोजागी पांढरा फेस दिसू लागला की चौथी पायरी. तेव्हा मुकाट्याने काठावर बसून इतरांची मजा बघावी.

तिसरा प्रश्न साहित्याचा. इथे आपली तरुण मंडळी हमखास फसतात, कारण ती चित्रे बघून वस्तू निवडतात. पाण्यावर हवेत उडाल्यासारखी दिसणारी जी फळी अलीकडे २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये दिसली, तिच्याखाली पंखासारखे पाते असते आणि वेग आला की फळी पाण्याच्या वर उचलली जाते. ती पट्टीच्या खेळाडूंची वस्तू. सायकल शिकणाऱ्याने शर्यतीची सायकल मागू नये.

फळीचे माप तिच्या लांबीवरून नव्हे, ती किती लिटर पाणी बाजूला सारते यावरून सांगतात. एक लिटर पाणी म्हणजे जवळपास एक किलो, हे आपण शाळेत शिकलो. माझे वजन ४८ किलो. फळी, डोलकाठी आणि शीड मिळून वीस-बावीस किलो धरा. म्हणजे ७० लिटरची फळी मला जेमतेम तरंगत ठेवील. पण जेमतेम तरंगणाऱ्या फळीवर उभे राहणे म्हणजे कोल्हाट्याच्या दोरीवर चालणे. म्हणून नवशिक्याने आपल्या वजनात निदान शंभर मिळवावेत. मला दीडशे लिटरची फळी हवी. माझ्या वर्गातल्या ७५ किलोच्या पैलवान मित्राला १७५ च्या वरची. फळी रुंद असावी, वरचा भाग मऊ आणि पाय न घसरणारा असावा, आणि मधोमध खाली सोडता येणारे पाते असावे. त्या पात्यामुळे फळी आडवी वाहत जात नाही.

शीडही अंगाप्रमाणे. हलक्या वाऱ्यात मला साडेतीन-चार चौरस मीटरचे पुरे. पैलवानाला पाच-साडेपाचचे लागेल. मोठे शीड घेतले म्हणजे मर्दुमकी, असे कोणी समजू नये. शीड पाण्यात पडले की ते दोरीने वर ओढावे लागते, आणि ओल्या शिडावर पाणी साचलेले असते. ते कंबरेने ओढले की पाठ जाते. गुडघे वाकवून, पाठ ताठ ठेवून, स्वतःच्या वजनाने मागे रेलून ओढायचे. विहिरीवर पोहरा ओढणाऱ्या बायकांना हे शिकवावे लागत नाही. बूमची दांडी खांदा आणि हनुवटी यांच्यामध्ये येईल अशी बांधावी. पाण्यात उतरण्यापूर्वी तीन जागा हाताने चाचपून पाहाव्यात. सांध्याच्या रबराला चीर आहे काय, शीड ओढायची दोरी झिजली आहे काय, आणि फळीखालचा मागचा पंख घट्ट आहे काय. भाड्याच्या वस्तूची चौकशी करण्यात संकोच नसावा. आपण बाजारात बैल घेताना दात बघतो की नाही?

आणि हो, हे सगळे भाड्याने घ्यावे. विकत काहीही घेऊ नये. शिकणारा माणूस महिन्याभरात लहान फळीवर जातो, मग मोठी फळी पडून राहते. बापाच्या कांद्याचे पैसे अडगळीत टाकायला मिळालेले नाहीत.

कपड्यांविषयी मुलींसाठी दोन शब्द लिहिते. घरी पहिली शंका निघते ती याचीच. गोव्याच्या कोमट पाण्यात रबरी पोशाखाची गरज नाही. पण भर उन्हात तासन् तास पाण्यावर राहायचे असते, तेव्हा पूर्ण बाह्यांचा अंगाबरोबर बसणारा सदरा आणि पायघोळ घट्ट विजार हाच शहाण्याचा पोशाख. ओढणी, सैल कपडे, गळ्यातल्या माळा, हातातल्या बांगड्या काठावर ठेवाव्यात, कारण दोरीत अडकतात. पायात रबरी तळाचे जुने बूट, कारण खडकावरच्या कालवांची धार पात्यासारखी असते. माझ्या आईने हे ऐकून म्हटले, “म्हणजे शेतात जातो तसंच की.” तशी ही शंका चुटकीसरशी मिटली.

आता सगळ्यात महत्त्वाची वस्तू. तरंगते जाकीट. माझ्या आराखड्यात हे फळीच्या आधी लिहिले आहे.

आपल्या खेड्यात पोहायला शिकवताना पाठीला वाळलेला भोपळा किंवा तेलाचा रिकामा डबा बांधतात. पाच लिटरचा हवाबंद डबा पाण्यात सुमारे पाच किलोचा उचल देतो. जाकिटावर ५० हा आकडा असतो, तो ५० न्यूटनचा, म्हणजे जवळपास तेवढाच उचल. पण दोहोंत एक मोठा फरक आहे. डबा पाठीला असतो, त्यामुळे माणूस पालथा राहतो. हातपाय मारायला शिकणाऱ्याला ते सोयीचे, पण तो बेशुद्ध झाला तर तोंड पाण्यातच राहील. जाकिटाचा भर छातीकडेही असतो. यातही ५० चे जाकीट ज्याला पोहता येते आणि ज्याच्या जवळ मदत आहे त्याच्यासाठी. पोहण्यात कच्च्या माणसाने तोंड पाण्याबाहेर ठेवणारे १०० चे घ्यावे. ते अंगात घातल्यावर सगळे पट्टे आवळून मैत्रिणीला खांद्याजवळ धरून वर ओढायला सांगावे. ते कानापर्यंत वर सरकले तर ते जाकीट आपले नव्हे.

शेवटचा नियम असा की, काहीही झाले तरी फळी सोडायची नाही. शीड पडले, दांडी तुटली, वारा वाढला, तरी पोहत काठाकडे निघायचे नाही. काठ दिसतो त्याहून लांब असतो. फळी बुडत नाही. तिच्यावर बसावे, दोन्ही हात अंगापासून बाजूला पसरून सावकाश वर-खाली करावेत. ही मदतीची खूण सगळीकडे चालते.

हा आराखडा मी पूर्ण केला तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली आणि माझीच मला लाज वाटली. साहित्याची यादी मी एवढी बारकाईने केली, पण तिच्यातली पहिली वस्तू माझ्याकडे नव्हती. मला पोहता येत नव्हते.

यंदा पाऊस बरा झाला. मामाच्या मळ्यातली विहीर काठोकाठ भरली. गणपतीच्या सुमारास मी दादांना म्हटले, “मला पोहायला शिकवा.” दादा माझे वडील, त्यांना स्वतःला विहिरीतच पोहता आले होते. ते आईकडे बघू लागले. आई बराच वेळ काही बोलली नाही. मग ती उठली, गोठ्यातून नवा नाडा आणला आणि म्हणाली, “मी काठावर बसते. हा दोर माझ्या हातात राहील.” एकोणीस वर्षांची घोडी पाठीला तेलाचा डबा बांधून विहिरीत उतरली, तेव्हा मामाची लहान पोरे खो खो हसली. पहिले चार दिवस नाकातोंडात पाणी गेले. पाचव्या दिवशी डबा पाठीवर हलका लागू लागला. अकराव्या दिवशी दादांनी तो सोडला. आई रोज काठावर बसत होती, आणि दोराचे टोक तिने मनगटाला गुंडाळलेले असे. आता मी विहिरीला वीस फेऱ्या मारते. अजून आईचा हात दोरावरच असतो, पण परवा तिने विचारले, “गोव्याला पाणी खारं असतं, डोळं झोंबत नाही का?” मी हे अर्ध्या परवानगीसारखे धरले आहे.

मित्रहो, मला म्हणायचे आहे ते एवढेच. आपल्याकडे पाण्याविषयी दोनच मार्ग माहीत आहेत. एक, बेफिकीर उडी मारणे. हा बहुधा मुलांचा. दुसरा, जवळही न जाणे. हा मुलींच्या वाट्याचा. मोजून उतरणे हा तिसरा मार्ग आपल्याला कोणी शिकवला नाही. विंडसर्फिंगच्या यादीने मला तो शिकवला. वारा मोजा, वजन मोजा, जाकिटाचा आकडा वाचा, आणि काढणारा कोण ते आधी ठरवा. ही यादी समुद्रासाठी लिहिली. पण ती माझ्या वर्गमित्राच्या शेततळ्यावर असती, तर तो आज कदाचित आपल्याच कॉलेजात असता.

कोणी म्हणेल, मग पोहणे तेवढे शिकवा, समुद्राचे खूळ कशाला? त्याचे उत्तर असे की, भीतीपोटी शिकलेली गोष्ट भीती ओसरली की सुटते. त्या अपघातानंतर आमच्या गावात महिनाभर सगळे “पोरांना पोहायला शिकवले पाहिजे” म्हणत होते. पुढे कांद्याची लागण आली आणि विषय संपला. मी अकरा दिवस नाकात पाणी घेतले ते भीतीने नव्हे. मला त्या फळीवर उभे राहायचे होते म्हणून. आनंदाची ओढ असली की माणूस कंटाळवाणी तयारीही हौसेने करतो. तेव्हा शौक म्हणून ज्याची हेटाळणी होते, तो गरिबाघरच्या पोरांना इतरांपेक्षा जास्त लागतो, असे माझे मत झाले आहे.

जिमखाना समितीला माझी नम्र सूचना आहे. सहल मंजूर होवो अथवा न होवो, पुढच्या वर्षाच्या अंदाजपत्रकात चषकांबरोबर दहा तरंगत्या जाकिटांची तरतूद करावी. पावसाळ्यानंतर, जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली, मुलामुलींसाठी पोहण्याचे वेगवेगळे वर्ग घ्यावेत. सहलीला नाव द्यायचे तर आधी पन्नास मीटर पोहून दाखवावे, अशी अट घालावी. आणि राष्ट्रीय सेवा योजनेच्या हिवाळी शिबिरात आपण दरवर्षी रस्ते झाडतो, भिंती रंगवतो; यंदा त्या गावातल्या प्रत्येक शेततळ्यावर एक गाठी मारलेला दोर आणि ट्रॅक्टरची हवा भरलेली जुनी ट्यूब बांधून यावे. खर्च किती? एका चषकाहून कमी.

माझा आराखडा सरांच्या टेबलावर आहे. ते वाचत आहेत, असे कळते. वर्गात हसलेल्या त्या मित्राने परवा मला गाठले आणि खाजगीत विचारले, “तुझ्या मामाच्या विहिरीवर मला येता येईल का?” मी हो म्हटले. डबा मात्र त्याने स्वतःचा आणायचा आहे, आणि तो गळका नाही हे आधी तपासायचे आहे.

आमच्या शेततळ्यावर दादांनी गेल्या रविवारी दोर बांधला. चारी कोपऱ्यांना चार, हातभर अंतरावर गाठी मारून.